खेड्यांतील ग्रंथालय : वाचणारे आणि ऐकणारे

महाराष्ट्रांत बावडा नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत. कोल्हापुरास लागून कसबा बावडा आहे, घाटमाथ्यावर गगनबावडा आहे. आज ज्या बावड्यास उद्देशून मी बोलणार आहे तें पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्याचें. इंदापुराहून अकलुजास जाणाऱ्या रस्त्यावर, नीरेच्या खोऱ्यांत वसलेलें. आषाढाच्या सुमारास तुकोबारायांची पालखी इंदापूरचा मुक्काम आटोपून सराटीकडे निघते, ती याच गांवावरून. अशा गांवांतील ग्रंथालयानें येत्या वर्षांत प्रौढांकरितां व मुलांकरितां कोणते कार्यक्रम योजावे, हा आजच्या भाषणाचा विषय. विषय दिसावयास लहान आहे. परंतु त्याचीं मुळें जवळजवळ दोनशें वर्षें मागें जातात, आणि तीं उकलून पाहिल्यावांचून कार्यक्रमपत्रिका आंखणें म्हणजे रान न पाहतां बीं टाकण्यासारखें होईल.

इंदापूर तालुक्याला एक मान असा आहे कीं, तो तेथील लोकांस क्वचितच ठाऊक असतो. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारनें दख्खनच्या जमिनींची पाहणी प्रथम प्रिंगल साहेबाकडून करविली. त्यानें बसविलेले दर इतके चढे निघाले कीं, इंदापुराकडील पुष्कळ शेतकरी जमिनी टाकून निघून गेले व रानें ओस पडलीं. तेव्हां गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघां अधिकाऱ्यांनीं १८३५ सालीं येथें नव्यानें पाहणी आरंभिली. १८३६ सालीं ३० वर्षांच्या मुदतीचा नवा सारा ठरला. मुंबई इलाख्यांतील पुढची रयतवारी पाहणी या कामाच्या अनुभवावर उभी राहिली. शेताला नंबर, नंबराला आकार, आकारापुढें खातेदाराचें नांव! ज्या कुळांत आजचा सात-बाराचा उतारा जन्मला, त्या कुळाचें मूळ घर इंदापूर होय असें म्हणावयास हरकत नाहीं.

दुर्दैव असें कीं, ज्याचें शेत सर्वांआधीं कागदावर आलें त्यालाच तो कागद वाचतां येत नव्हता. कुळकर्णी वाचील तें खरें, सावकार लिहील तें पक्कें. मुदत संपल्यावर १८६७ च्या सुमारास सारा वाढला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें चढलेले कापसाचे भाव युद्ध संपतांच त्याआधींच खालीं आले होते. कर्ज मात्र खालीं आलें नाहीं. अखेर १२ मे १८७५ रोजीं, बाजारच्या दिवशीं, सुपें येथें लोकांनीं सावकारांच्या दुकानांवर धाड घातली. सुपें त्या काळीं भीमथडी तालुक्यांत होतें, आज तें बारामती तालुक्यांत मोडतें. म्हणजे बावड्याच्या दृष्टीनें शेजारचेंच. तेथून ही आग पुणें व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत पसरली. इतिहासांत हे 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदले गेले आहेत. या दंग्यांत ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, लोकांचा रोख माणसांपेक्षां कागदांवर होता. ज्या सावकारानें रोखे व हुकूमनामे मुकाट्यानें बाहेर काढून दिले, त्याला बहुधा कोणीं हात लावला नाहीं. जे कागद हातीं लागले ते जाळण्यांत आले. आपला अंगठा कशावर उठला हें ज्याला कधीं कळलेंच नव्हतें, त्यानें तो कागदच नाहींसा करण्याचा मार्ग धरला.

सरकारनें चौकशी नेमली, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. रोखा गांवच्या रजिस्ट्रारासमोर लिहिला जावा, भरलेल्या पैशाची पावती मिळावी, हिशेबाचें पुस्तक कुळाच्या हातीं असावें, अशा तरतुदी त्यांत होत्या. हेतु चांगला होता. पण पावती असो कीं पुस्तक असो, तें वाचून दाखवावयास पुन्हां तिऱ्हाइताचेंच तोंड पाहावें लागे.

ज्या वर्षीं सुप्याला रोखे जळले त्याच १८७५ सालीं, तेथून बैलगाडीच्या दोन दिवसांच्या वाटेवर, पुण्यांत न्यायमूर्ति रानडे यांनीं वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी तर त्यापूर्वींच, १८४८ सालीं, लोकहितवादींच्या पुढाकारानें स्थापन झाली होती. रत्नागिरी, अहमदनगर व नाशिक येथील वाचनालयें तिच्याहूनहि जुनीं. पुढें ठाण्यास १८९३ सालीं व मुंबईस १८९८ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालयें निघालीं. या संस्थांचे उपकार मराठी भाषेवर अपार आहेत. तरी त्यांच्या खुर्च्यांवर बसला तो वकील, शिक्षक, कारकून. भीमथडीचा कुणबी त्या पायऱ्या चढला नाहीं, आणि त्याला चढतां यावें म्हणून फारसें कोणीं कांहीं केलेंहि नाहीं.

यावरून खेड्यांत ग्रंथच नव्हता असें मात्र कोणीं समजूं नये. चातुर्मासांत देवळांत पोथी लागत असे. श्रीधराचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' पुढ्यांत घेऊन एकजण ओवी वाची, दुसरा अर्थ सांगे, आणि पांचपन्नास माणसें कांबळ्यावर बसून ऐकत. खांबाआड बायका असत, त्यांच्या मांडीवर पेंगणारीं मुलें असत. इंदुप्रकाश छापखान्यांतून तुकोबांच्या गाथेची प्रत १८६९ आणि १८७३ सालीं दोन भागांत बाहेर पडली, त्याच्या कितीतरी पिढ्या आधींपासून वारकऱ्याला अभंग मुखोद्गत होते. अक्षर येत नसलेल्या माणसालाहि ग्रंथ येत होता. आमच्या ग्रंथालयांच्या चालकांनीं ही गोष्ट पुरेशी ध्यानांत घेतली नाहीं, असें माझें स्पष्ट मत आहे. त्यांनीं कपाट आणलें, नोंदवही आणली, 'शांतता राखा' अशी पाटी लाविली. आणि जो समाज मोठ्यानें वाचून एकत्र ऐकण्यांत मुरलेला होता, तो या पाटीखालून निमूटपणें घरीं परतला.

हें ज्यांनीं ओळखलें त्यांत बडोद्याचे सयाजीराव महाराज अग्रेसर होत. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवच्या शेतकरी घरांत जन्मलेल्या या राजानें १९१० सालीं विल्यम बॉर्डन नांवाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणविलें. गांवानें ग्रंथालयासाठीं रक्कम जमविली कीं तितकीच दरबारनें व तितकीच प्रांत पंचायतीनें घालावी, अशी पद्धति तेथें पडली. जेथें ग्रंथालय नव्हतें तेथें लांकडी पेट्यांतून पुस्तकें फिरूं लागलीं. मध्यवर्ती ग्रंथालयांत मुलांची वेगळी खोली झाली आणि तींत पुस्तकांबरोबर खेळहि ठेवले गेले. सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे, निरक्षरांकरितां जादूच्या दिव्यानें चित्रें दाखविण्याचें काम ग्रंथालय खात्याकडेच सोंपविलें. ज्याला वाचतां येत नाहीं तोहि ग्रंथालयाचा धनी आहे, हें तेथें सरकारी कारभारांत उतरलें. मुंबईस १९११ सालीं ना. म. जोशी यांनीं सोशल सर्व्हिस लीग काढली. तिनें गिरणगांवांत रात्रीच्या शाळा चालविल्या आणि पुस्तकांच्या पेट्या चाळींतून फिरविल्या.

आमच्या इलाख्याच्या सरकारनें १९३९ सालीं फैजी यांच्या अध्यक्षतेखालीं ग्रंथालय समिति नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंतची सांखळी तिनें आंखून दिली, पण काम हातीं घेतलें गेलें तें १९४७ नंतर. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. तो १ मे १९६८ पासून अमलांत आला. या कायद्यांत ग्रंथालयकर नाहीं. लोकांनीं संस्था चालवावी व सरकारनें तिला अनुदान द्यावें अशी त्याची धाटणी आहे. त्यामुळें अ, ब, क, ड या वर्गांचीं ११ ते १२ हजार ग्रंथालयें राज्यांत उभीं राहिलीं, हें त्याचें यश. वर्ग टिकविण्यासाठीं पुस्तकांची व सभासदांची संख्या मोजली जाते, ऐकणाऱ्यांची मोजली जात नाहीं, हें त्याचें न्यून.

दोन प्रयोग येथें मुद्दाम सांगितले पाहिजेत. सातारा जिल्ह्यांत १९५९ सालीं ग्रामशिक्षण मोहीम निघाली. गांवचे शिक्षक व शिकलेलीं मुलें यांनीं वडिलधाऱ्यांस अक्षरें शिकवावीं, आणि गांव साक्षर झाला कीं ग्रामगौरव समारंभ करावा, अशी तिची रीत होती. ती राज्यभर पसरली, युनेस्कोनेंहि तिचा गौरव केला. पण समारंभ झाल्यावर ज्यांच्या हातीं वाचावयास कांहीं पडलें नाहीं, ते हळूहळू अंगठ्याकडे परत वळले. दुसरा प्रयोग तर आपल्या या श्राव्य माध्यमाचाच. १९५६ सालीं पुणें आकाशवाणीनें युनेस्कोच्या साहाय्यानें पुणें, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर व उत्तर सातारा या जिल्ह्यांतील सुमारें १५० खेड्यांत शेतकरी मंडळें बसविलीं. आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे २० कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र ऐकत आणि ऐकून झाल्यावर आपसांत चर्चा करीत. ज्या खेड्यांत मंडळ नव्हतें त्यांच्यापेक्षां या खेड्यांचें ज्ञान स्पष्टपणें वाढलें, असें पाहणीअंतीं दिसून आलें. ऐकणें आणि ऐकलेल्यावर बोलणें, ही पोथीचीच परंपरा नव्हे काय?

आतां बावड्याच्या पत्रिकेकडे वळूं. आपल्याकडे प्रौढांचा कार्यक्रम म्हटला कीं व्याख्यान ठरतें, मुलांचा म्हटला कीं निबंधस्पर्धा. १२ ऑगस्टला रंगनाथन यांची जयंती, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. तसबिरीला हार पडतो, आभार मानले जातात, आणि पुस्तक कपाटांतल्या कपाटांतच राहतें. हे दिवस पाळूं नयेत असें मी म्हणत नाहीं. पण ते पाळावयाचे कसे हें ठरवितां येईल. ऑगस्टच्या बैठकीस प्रत्येकानें आपल्या शेताचा सात-बारा घेऊन यावें आणि एखाद्या जाणकारानें त्यांतील रकाना न् रकाना उलगडून सांगावा. ज्या तालुक्यानें इलाख्याला पाहणी दिली, तेथें हा कार्यक्रम जितका शोभेल तितका अन्यत्र शोभणार नाहीं. पुढच्या खेपेस पतपेढीचा कर्जरोखा घ्यावा, त्यापुढें उंसाच्या वजनाची पावती. स्त्रियांना या बैठकींत पुढची जागा असावी; कित्येकींचें नांव उताऱ्यावर आहे, पण उतारा त्यांनीं हातांत धरलेला नाहीं.

मुलांचा कार्यक्रम याहून वेगळ्या दिवशीं ठेवण्याचें मला कारण दिसत नाहीं. वा. गो. आपटे यांचा 'आनंद' १९०६ सालीं निघाला, साने गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकर यांनीं कथामाला चालविली. मुलांना गोष्ट सांगण्याची सोय मराठींत आहे. आतां मुलांनीं मोठ्यांना गोष्ट वाचून दाखवावी. आठवड्यांतून एक संध्याकाळ नातवानें वाचावें आणि आजीनें चूक काढावी. हरिविजय घेतला तर ती नक्कीच काढील! पालखी जवळ आली कीं आठ दिवस आधींपासून गाथेचें वाचन मुलांच्या तोंडून व्हावें.

एक अडचण उरते, आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. दसरा-दिवाळी उलटली कीं ऊंसतोडीच्या टोळ्या बीडकडून, अहिल्यानगरकडून या भागांत उतरतात. त्यांचीं मुलें सहा महिने येथेंच असतात. परंतु तीं गांवचीं नव्हेत, सभासद नव्हेत, अनामत रक्कम भरावयास त्यांच्यापाशीं पैसा नाहीं, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं हंगाम संपला कीं टोळी रातोरात निघते, तेव्हां पुस्तक परत येईल याची हमी कोणीं घ्यावी? नियमांत पाहिलें तर यांचा ग्रंथालयाशीं कांहीं संबंध नाहीं. बडोद्याची ती लांकडी पेटी मला येथें आठवते. तीस-चाळीस पुस्तकें, नोंदवहीच्या जागीं टोळींतलाच एखादा वाचतां येणारा मुलगा, आणि शनिवारीं रात्रीं कोप्यांच्या मधल्या मोकळ्या जागेंत एक दिवा. हंगामाच्या शेवटीं पेटींतलीं चार पुस्तकें कमी भरलीं, तर कार्यकारी मंडळानें तीं खर्चीं टाकावीं, आणि मुकादमाकडून पुढच्या वर्षीं टोळी केव्हां येणार तें विचारून ठेवावें.