रीमिक्सचा कर्ता कोण?

संहितेचा कर्ता एक असतो आणि एकदा सिद्ध झाली की ती पूर्ण होते, या समजुतीला साहित्याच्या वर्गात आजही बराच आधार मिळतो. ती तपासण्यासाठी ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांकडे जसे जाता येते, तसे इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या एका बँडकडेही जाता येईल, असे आम्हाला वाटते.

‘द ह्यूमन लीग’ हा तो बँड. १९८० मध्ये त्याचे दोन संस्थापक बाहेर पडले. उरलेल्या फिलिप ओकी यांनी नृत्यगृहात नाचताना दिसलेल्या दोन तरुणींना सोबत घेतले. निर्माता मार्टिन रशेंट यांच्या साहाय्याने १९८१ मध्ये सिद्ध झालेला ‘डेअर’ हा गीतसंग्रह ब्रिटनमध्ये अग्रस्थानी पोहोचला. १९८२ मध्ये त्यातलीच सात गाणी आणि आणखी एक, अशी आठ गाणी ‘लव्ह अँड डान्सिंग’ या नावाने नव्या रूपात आली. तबकडीवर नाव मात्र ‘द लीग अनलिमिटेड ऑर्केस्ट्रा’ असे होते. बॅरी व्हाइट यांच्या ‘लव्ह अनलिमिटेड ऑर्केस्ट्रा’ला केलेले ते अभिवादन होते, या नावाचा वाद्यवृंद प्रत्यक्षात नव्हताच.

या प्रकाराला पूर्वपरंपरा होती. जमैकातील किंग्स्टन येथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस गाण्यातून गायकाचा आवाज वगळून उरलेले वादन वाजवण्याची रीत पडली. विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करणाऱ्या किंग टबी यांनी पुढे तिचे स्वतंत्र कलेत रूपांतर केले. न्यूयॉर्कमध्ये डीजे वॉल्टर गिबन्स यांनी १९७६ मध्ये ‘डबल एक्स्पोजर’ या गटाचे ‘टेन पर्सेंट’ हे गाणे नऊ मिनिटांहून अधिक लांबवले, आणि ते बारा इंची तबकडीवर विक्रीस आले. नाचणाऱ्याला ताल हवा असतो. कडवे संपले म्हणून त्याचे पाय थांबत नाहीत. रीमिक्स जन्माला आले ते या गरजेतून.

ग्रँडमास्टर फ्लॅश या न्यूयॉर्कच्या डीजेच्या हातोटीने रशेंट प्रभावित झाले होते. फ्लॅश यांनी तबकड्या फिरवून जे साधले, ते रशेंट यांनी ध्वनिफितीवर साधले. मिक्सरवर वेगवेगळे वाद्यध्वनी उघडत-मिटत त्यांनी तुकडे मुद्रित केले, फीत पात्याने कापली आणि पुन्हा चिकटवली. संगणकावर असे जोडकाम सर्रास होऊ लागण्यापूर्वीचा हा काळ आहे. प्रत्येक जोड हाताचा होता. परिणामी ओकी यांचा आवाज बहुतांशी नाहीसा झाला. ज्या कथनात्मक शब्दांमुळे मूळ गाणी गाजली, तेच येथे अवशेषासारखे उरले.

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा मागून शिरलेले पाठ दूर सारून मूळ संहितेपर्यंत पोहोचणे हा हेतू होता. रशेंट यांचे कामही प्रामुख्याने वगळण्याचेच आहे. हेतू मात्र उलटा. त्यांनी मूळच दूर सारले आणि त्याखाली दबलेली ताल-स्वरांची वीण ऐकू आणली. हे एका अर्थी वाचनच होय. फरक इतकाच, की आपले वाचन टीकालेख होते, त्यांचे वाचन दुसरी संहिता झाले.

आणि येथेच श्रेयाचा प्रश्न उभा राहतो. गाणी बँडची, कात्री रशेंट यांची, नाव एका काल्पनिक वाद्यवृंदाचे. बँडच्या पुढच्या ‘हिस्टेरिया’ (१९८४) या संग्रहाचे काम पूर्ण होण्यापूर्वीच रशेंट बाहेर पडले. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. रीमिक्सला उचलेगिरी म्हणून हिणवणे सोपे आहे. परंतु त्या हिणवण्यात कापणाऱ्या, जोडणाऱ्या, मांडणी करणाऱ्या हातांचे श्रम गणले जात नाहीत. साहित्यातल्या संपादकाच्या, अनुवादकाच्या आणि संकलकाच्या वाट्यालाही बहुधा हेच येते. एखादी संहिता शिकवताना ‘कोणी लिहिली?’ या प्रश्नाला जोडून ‘हा पाठ कोणी, कोणासाठी सिद्ध केला?’ हेही विद्यार्थ्यांना विचारायला हवे, असे आमचे मत आहे.