रुगर १०/२२ : अमेरिकेतली ‘स्वस्त आणि मस्त’ सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालवताना नेमकं काय जाणवतं?

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या एखाद्या मित्राची अशी रील तुम्हीही पाहिली असेल. कानावर मोठे हेडफोनसारखे मफ, डोळ्यांवर चष्मा, खांद्याला रायफल आणि टक-टक-टक अशा लागोपाठ गोळ्या. खाली कमेंटमध्ये कुणी विचारतं, “भावा, मशिनगन आहे का?” दुसरा सांगतो, “एके-४७ असणार.” तिसरा म्हणतो, “झटका तर काहीच दिसत नाही, खेळण्यातली आहे.”

तिन्ही अंदाज बहुतेक वेळा चुकतात. पहिल्यांदा रेंजवर गेलेल्या माणसाच्या हातात बऱ्याचदा असते ती रुगर कंपनीची ‘१०/२२’. अमेरिकेत तिला ‘टेन-ट्वेंटीटू’ म्हणतात. ती मशिनगन नाही, एके-४७ नाही आणि खेळणं तर अजिबात नाही. ती चालवताना काय वाटतं आणि तो अनुभव माणसाला कुठे फसवतो, ते समजून घेऊ.

ही रायफल आहे तरी काय?

स्टर्म, रुगर अँड कंपनी १९४९ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात सुरू झाली. १९६४ मध्ये तिने १०/२२ बाजारात आणली आणि तेव्हापासून आजपर्यंत या रायफलचं उत्पादन चालू आहे. आतापर्यंत ५० लाखांहून जास्त रायफली विकल्या गेल्या आहेत. अमेरिकेत अनेकांच्या आयुष्यातली ही पहिली बंदूक असते.

नावातच माहिती आहे. ‘१०’ म्हणजे मॅगझिनमध्ये मावणारी १० काडतुसं आणि ‘२२’ म्हणजे पॉइंट टू-टू कॅलिबर, म्हणजे सुमारे ५.६ मिलिमीटर व्यासाची गोळी. साध्या मॉडेलचं वजन सव्वादोन किलोच्या आसपास, नळी साधारण ४७ सेंटीमीटर आणि एकूण लांबी ९४ सेंटीमीटर. दस्ता लाकडी किंवा प्लॅस्टिकचा असतो.

तिची खास ओळख म्हणजे मॅगझिन. नेहमीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक रचलेली असतात. इथे ती एका छोट्या चक्राभोवती गोल बसतात. त्यामुळे मॅगझिन खाली लोंबत नाही, रायफलच्या पोटात सपाट बसून जातं.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे मशिनगन नव्हे

सोशल मीडियावर सगळ्यात जास्त गोंधळ याच शब्दाचा होतो.

ऑटोमॅटिक बंदुकीत चाप दाबून धरला की तो सोडेपर्यंत किंवा काडतुसं संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतात. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एकदा चाप दाबला की एकच गोळी सुटते. दुसरीसाठी चाप सोडून पुन्हा दाबावा लागतो. मग ‘ऑटोमॅटिक’ काय? तर पुढचं काडतूस आपोआप नळीत येतं.

१०/२२ मध्ये हे काम अगदी साध्या पद्धतीने होतं. काडतूस फुटलं की तयार झालेला वायू गोळीला पुढे ढकलतो, तसाच रिकाम्या पुंगळीला मागे ढकलतो. पुंगळीमागे बोल्ट नावाचा जड लोखंडी ठोकळा असतो. तो मागे जाताना पुंगळी बाजूला फेकतो. मग स्प्रिंग त्याला पुढे आणते आणि येताना तो मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत सरकवतो. डोळ्याची पापणी लवते तोवर हे सगळं होऊन गेलेलं असतं.

आणखी एक गैरसमज. ‘एआर-१५’ मधल्या ‘एआर’चा अर्थ ‘असॉल्ट रायफल’ असा नाही. ती अक्षरं ‘आर्मालाइट’ या मूळ कंपनीच्या नावावरून आली आहेत. सर्वसामान्य अमेरिकन नागरिकाला दुकानात मिळणारी एआर-१५ सुद्धा सेमी-ऑटोमॅटिकच असते. ती आणि लाकडी दस्त्याची १०/२२ दिसायला कितीही वेगळ्या असल्या, तरी दोन्हींत चाप एकदा दाबला की गोळी एकच सुटते. मोठा फरक काडतुसात आहे. पॉइंट टू-टूच्या गोळीत साधारण १९० जूल ऊर्जा असते, तर एआर-१५ च्या नेहमीच्या गोळीत १,७०० जूलच्या आसपास, म्हणजे जवळपास नऊपट.

स्वस्त म्हणजे किती?

साध्या मॉडेलची किंमत ३०० ते ४०० डॉलरच्या घरात असते, म्हणजे साधारण २५ ते ३५ हजार रुपये. पण रायफल एकदाच घ्यायची असते, काडतुसं पुन्हा पुन्हा. तिची खरी स्वस्ताई तिथे आहे. पॉइंट टू-टूचं साधं काडतूस ७ ते १० सेंटला पडतं, तर एआर-१५ चं बऱ्याचदा त्याच्या पाच-सहापट. दुपारभर २०० गोळ्या झाडल्या तरी खर्च १५-२० डॉलर. म्हणूनच नवख्यांना शिकवायला ही रायफल निवडली जाते.

हे काडतूस रायफलपेक्षा कितीतरी जुनं आहे. ‘.२२ लाँग रायफल’ या नावाने ते १८८७ पासून बनतंय.

हातात घेतल्यावर काय जाणवतं?

पहिली गोष्ट म्हणजे हलकेपणा. सिनेमात पाहिलेल्या बंदुका डोक्यात असतात, त्यामुळे सव्वादोन किलोची रायफल उचलताना “एवढीच?” असं वाटतं.

दुसरी गोष्ट मॅगझिन भरणं. बोटभर लांबीपेक्षाही लहान, मेणचट काडतुसं एकेक करून आत दाबायची. दहा भरताना मजा वाटते, पन्नास झाली की अंगठा दुखायला लागतो.

मग पहिली गोळी. नवखा माणूस डोळे मिटून, दात आवळून मोठ्या धक्क्याची वाट पाहतो आणि खांद्याला लागतो तो जेमतेम एक टपला. तोफेची अपेक्षा आणि लवंगी फुटावी तसं होतं. पुंगळी उजवीकडे उडते आणि रायफल जागच्या जागी राहते.

इथेच तिचा गुण दिसतो. जोरदार धक्का देणारी बंदूक हातात असली की माणूस चाप दाबण्याआधीच दचकतो आणि नेम चुकतो. ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. १०/२२ मध्ये दचकायला कारणच नसतं. श्वास कसा धरायचा, चाप हिसका न देता कसा ओढायचा, गाल दस्त्याला कसा टेकवायचा याकडे लक्ष देता येतं. साध्या काडतुसांनी आणि रायफल टेकवून ५० मीटरवर नेम धरला, तर गोळ्या साधारण ३ ते ५ सेंटीमीटरच्या घोळक्यात बसतात. तासाभरात आपली प्रगती कागदावर दिसते आणि माणूस खूश होतो.

१०० मीटरवर मात्र ही गोळी आपली मर्यादा दाखवते. ५० मीटरला नेम जुळवलेली रायफल तिथे साधारण १५ ते २० सेंटीमीटर खाली मारते, आणि वारा असेल तर गोळी बाजूलाही सरकते.

कुरकुरीही आहेत. कंपनीतून येणारा चाप अनेकांना जड वाटतो. हे काडतूस मळकट आहे, शे-दोनशे गोळ्यांनंतर आत काजळी साचते आणि पुंगळी अडकू लागते. कधी चाप दाबल्यावर नुसतं ‘टिक’ होतं, गोळी सुटत नाही. अशा वेळी रायफल वळवून नळीत डोकावायचं नसतं. नळी निशाण्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं, कारण काडतूस उशिरानेही फुटू शकतं.

हलकेपणा इथे फसवतो

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. खांद्याला बसणारा धक्का हलका असला, तरी गोळी पुढे गेल्यावर काय करू शकते ते त्यावरून कळत नाही.

अमेरिकी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार रॉबर्ट केनेडी यांची १९६८ मध्ये लॉस एंजेलिसला हत्या झाली, ती याच पॉइंट टू-टू कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरने. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन यांच्यावर वॉशिंग्टनमध्ये हल्ला झाला, तेव्हाही कॅलिबर हेच होतं. रीगन यांच्या फुप्फुसात गोळी शिरली होती. त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रॅडी यांना डोक्यात गोळी लागून कायमचं अपंगत्व आलं.

काडतुसांच्या खोक्यावर बहुधा इशारा असतो की ही गोळी दीड मैलापर्यंत, म्हणजे सुमारे २.४ किलोमीटर जाऊ शकते. निशाणा ५० मीटरवर असला तरी त्याच्या मागे मातीचा बांध लागतो, तो यासाठीच. दगडावर किंवा पाण्यावर आपटून ही गोळी उसळी घेऊन भलतीकडेही जाते.

आवाजाचंही तसंच. ‘टक’ असा छोटा वाटणारा आवाज १४० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो. एवढ्या आवाजाने कानाला कायमची इजा होण्याचा धोका असतो, म्हणून मफ किंवा बोळे हवेतच. गोळी शिशाची असते, त्यामुळे रेंजवरून आल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊ नये.

१०/२२ ची स्वतःची एक खोडही लक्षात ठेवण्यासारखी आहे. अनेक बंदुकांत शेवटची गोळी सुटली की बोल्ट मागे अडकून राहतो, म्हणजे बंदूक रिकामी झाल्याचं दिसतं. साध्या १०/२२ मध्ये तो पुन्हा पुढे येऊन बंद होतो. बाहेरून पाहून रायफल भरलेली की रिकामी ते कळत नाही. मॅगझिन काढलं तरी नळीत एक काडतूस उरलेलं असू शकतं. मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढायचा, आत डोळ्याने पाहायचं आणि तरीही भरलेली आहे असंच समजून वागायचं, ही रीत त्यामुळेच आहे.

एकच रायफल, प्रत्येक देशात वेगळा नियम

अमेरिकेत केंद्रीय कायद्यानुसार परवानाधारक दुकानातून रायफल घेण्यासाठी वय १८ पूर्ण लागतं आणि पार्श्वभूमी तपासली जाते. राज्यागणिक नियम बदलतात.

ब्रिटनमध्ये १९८७ च्या हंगरफर्ड हत्याकांडानंतर पुढच्याच वर्षी सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी आली, पण पॉइंट टू-टू रिमफायरला त्यातून सूट मिळाली. ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर उलट भूमिका घेतली. तिथे पॉइंट टू-टू सेमी-ऑटोमॅटिक रायफलही सर्वसामान्यांच्या हातातून काढून घेतली गेली आणि शेतकऱ्यांसारख्या मोजक्या गटांपुरतीच ठेवली गेली. एका देशाने गोळीची ताकद पाहिली, दुसऱ्याने गोळ्या किती झपाट्याने सुटतात ते पाहिलं.

व्हिसावर असाल तर आधी हे वाचा

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार विद्यार्थी, पर्यटक किंवा एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही यात येऊ शकते. काही अपवाद आहेत. कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्यातला नेहमीचा अपवाद.

“मित्राने हातात दिली” किंवा “रेंजवाल्याने विचारलंच नाही” हा बचाव पुरेसा ठरेलच असं नाही. तिथे काढलेली रील हा तर आपणच तयार केलेला पुरावा. तेव्हा जाण्याआधी रेंजकडे आणि गरज वाटल्यास इमिग्रेशन वकिलाकडे स्पष्ट विचारून घ्या.

भारतात कोणतीही बंदूक बाळगायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. नेमबाजी शिकायची असेल, तर आपल्याकडचा सरळ रस्ता म्हणजे नेमबाजी क्लब आणि तिथली एअर रायफल.

याच काडतुसाने आपल्याला पदकं दिली

पॉइंट टू-टूचं महाराष्ट्राशी एक अभिमानाचं नातंही आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. दोघांच्याही स्पर्धेतलं काडतूस हेच, .२२ लाँग रायफल.

फरक रायफलीत आहे. स्पर्धेतल्या त्या रायफलीत प्रत्येक काडतूस हाताने भरावं लागतं आणि एका गोळीमागे कितीतरी सेकंदांची तयारी असते. १०/२२ चालवणारे अनुभवी लोकही नवख्याला हेच सांगतात, की दहा गोळ्या आहेत म्हणून दहा लागोपाठ उडवू नकोस, मॅगझिनमध्ये एकच आहे असं समजून मार.

तेव्हा पुढच्या वेळी तशी रील दिसली आणि कमेंटमध्ये कुणी “खेळण्यातली आहे” असं म्हणालं, तर त्याला खोक्यावरचा तो दीड मैलाचा इशारा नक्की सांगा.