पोलीस भरतीसाठी पळताय? बूट कधी बदलायचे ते ओळखा

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 20 गुण एकट्या मोठ्या धावण्याचे. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. त्यासाठी गावोगावची पोरं-पोरी पहाटेच डांबरी रस्त्यावर दिसतात. पण अंगठा बाहेर आल्याशिवाय बूट बदलायचा नाही, अशी बऱ्याच घरांत रीत. ती इथं महागात पडते.

बूट वरून धड दिसला तरी आतून गेलेला असू शकतो. खालचं रबर आणि पाय यांच्या मधे फोमचा जाड थर असतो. पायाला बसणारा दणका तो झेलतो. रोज पळून हा फोम दबतो, कडक होतो, मग दणका थेट नडगीला आणि गुडघ्याला.

साधारण 500 ते 800 किलोमीटर झाले की रनिंगचा बूट संपला असं धरतात. रोज 8 किलोमीटर, आठवड्याला 6 दिवस पळलात तर महिन्याचे 200 होतात. म्हणजे अडीच ते चार महिने! वजन जास्त असेल तर त्याआधीच. बूट घेतल्याची तारीख आतल्या बाजूला पेनानं लिहून ठेवा, नाहीतर लक्षात राहत नाही.

बूट सपाट फरशीवर ठेवून मागून बघा. एका अंगाला कलला असेल, फोमच्या कडेला सुरकुत्या पडल्या असतील, तर बदला. अंतर तेवढंच असून नडगी दुखायला लागली, हीसुद्धा खूण. मात्र हाडावर एकाच जागी बोट ठेवून दुखत असेल, चालतानाही कळ येत असेल, तर बुटावर ढकलू नका. हाडाला बारीक चीर असू शकते. पळणं थांबवा, डॉक्टरांना दाखवा.

उखडलेला सोल चिकटवून मिळतो, पण दबलेला फोम परत फुगत नाही. तो जोड शेतात वापरा. पळायचा बूट बाजारात, कॉलेजात घालू नका, तेवढेच दिवस जास्त टिकेल. भिजला तर चुलीजवळ नको, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा.

नवा जोड चाचणीच्या दोन-तीन आठवडे आधी घ्या. आदल्या दिवशी घेतलेला बूट मैदानावर फोड आणतो. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, आणि पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते का ते बघा.