उंदीर, ससे आणि माणसाची धमनी

रोग माणसाचा आणि शोध सशाच्या पोटात, हे ऐकून प्रथम कोणालाही नवल वाटावे. पण हृदयरोगाचा इतिहास या मुक्या जिवांना वगळून आम्हांला सांगताच येणार नाही.

१९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय आनिच्कोव्ह व त्याचा सहकारी यांनी कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना चारले. सशांच्या धमन्यांत चरबीचे थर साचले. तोच प्रयोग उंदरांवर व कुत्र्यांवर करणाऱ्यांच्या हाती मात्र काही लागले नाही. पाला खाणाऱ्या प्राण्याला असले अन्न चारल्यावर दुसरे काय होणार, असे टीकाकार म्हणाले. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण त्यापायी तो शोध कित्येक वर्षे उपेक्षित राहिला.

१९७३ साली जपानात कोबे येथे योशिओ वातानाबे यांना एक ससा आढळला. साधा चारा खाऊनही त्याच्या रक्तात कोलेस्टेरॉल भरमसाट! रक्तातले कोलेस्टेरॉल उचलून घेणारी पेशींची यंत्रणाच जन्मतः सदोष होती. काही घराण्यांत माणसे ऐन उमेदीत हृदयविकाराने जातात, त्यांतही हाच दोष असतो.

असा ससा नशिबाने मिळाला. पण दर वेळी नशिबावर कोण विसंबणार? १९८५ साली सशाच्या बीजांडात परका जनुक घालण्यात यश आले. उंदराच्या बाबतीत तर हवा तो जनुक नेमका निकामी करण्याची युक्ती साधली. तिच्याबद्दल कापेकी, एव्हान्स व स्मिदीज यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उंदीर लहान, खर्चाला थोडा, आणि तीन आठवड्यांत विणारा. १९९२ साली अमेरिकेत असा एक जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले, आणि ज्याच्या धमन्या सहसा बिघडत नाहीत त्या प्राण्याला आपला रोग जडला.

तरीही उंदीर तो उंदीरच. रक्तातले कोलेस्टेरॉल एका कणाकडून दुसऱ्याकडे नेणारे एक प्रथिन आपल्यात असते, सशात असते, उंदरात नसते. ते प्रथिन रोखणाऱ्या औषधाने सशांच्या धमन्यांतले थर कमी साचतात, असे २००० साली जपानी संशोधकांनी दाखविले. आशा फार वाढल्या. त्याच वर्गातील दुसरे एक औषध, टॉरसेट्रॅपिब, सुमारे १५,००० रुग्णांच्या चाचणीत उतरले. कोलेस्टेरॉलचे आकडे हवे तसे बदलले. पण रक्तदाबही वाढला. डिसेंबर २००६ मध्ये चाचणी तडकाफडकी थांबविली, तेव्हा ते औषध घेणाऱ्यांत ८२ जण दगावले होते, न घेणाऱ्यांत ५१.