टिळकांपुढे माईक नव्हता



१ मे १९१६ रोजी लोकमान्य टिळक बेळगावात स्वराज्यावर बोलले तेव्हा त्यांच्यापुढे माईक नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोला जेन्सन आणि प्रिडॅम यांनी आपल्या 'मॅग्नाव्हॉक्स' कर्ण्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले ते डिसेंबर १९१५ मध्ये, म्हणजे जेमतेम पाच महिने आधी. १८९३ पासूनचे आपल्या उत्सवातले मेळे, कीर्तने, व्याख्याने, सगळे तोवर निव्वळ गळ्यावर चालले होते.

१९३० च्या दशकात नानिक मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ'चे कर्णे काँग्रेसच्या अधिवेशनांत पोहोचले. नाव शिकागो, मालक सिंधी, कंपनी मुंबईची! जुन्या छायाचित्रांत पंडित नेहरूंसमोरच्या माईकवर हे नाव आजही वाचता येते. सभा लाखांच्या झाल्या आणि वक्त्याला ओरडायची गरज संपली.

सवय मात्र संपली नाही. हे मी स्वतःवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी इथे महादेवपुऱ्यातच एका कार्यक्रमात मी आभारप्रदर्शनाला उभा राहिलो. माईक ओठांना चिकटवला, जाळी मुठीत धरली आणि ओरडलो. कर्ण्याने अशी शिट्टी मारली की पहिल्या रांगेतल्या आजींनी कान झाकले. मागच्यांना तर एकही नाव कळले नाही. त्यात सबंध आठवडा राबलेल्या स्वयंपाकाच्या मावशींचेही नाव होते. त्याची चुटपुट अजून आहे.

नंतर कारण उमगले. हातातला माईक बहुधा समोरचाच आवाज घेतो, बाजूचा-मागचा टाळतो. जाळी मुठीत धरली की हा गुण जातो. मग कर्ण्याचा आवाज माईकमध्ये, तोच पुन्हा कर्ण्यात, असे चक्र सुरू होते, तीच शिट्टी. म्हणून धरायचे ते दांड्याला, आणि कर्ण्यापुढे जायचे नाही. अंतर चार बोटे ते वीतभर, पण एकदा ठरले की तेच. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो. मान वळवून शेजारच्या अध्यक्षांकडे बघत बोलणाऱ्यांचे निम्मे वाक्य असेच हरवते. 'प' आणि 'फ' फुटत असतील तर माईक तोंडाच्या किंचित बाजूला धरावा. टकटक करून फुंकर मारू नये, दोन शब्द बोलून पाहावे.

आमच्या रेल्वेतले एक उदाहरण. चोवीस डब्यांची गाडी जवळपास ६०० मीटर लांब. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पावणेदोन सेकंदांनी पोहोचणार. म्हणून फलाटावर एक मोठा कर्णा नसतो, ठिकठिकाणी लहान लहान असतात. (तरीही घोषणा कळत नाही, हे मान्य!) मंडपातही व्यासपीठाजवळचा एकच कर्णा फुल्ल सोडण्यापेक्षा मध्यावर दोन छोटे लावले तर पुढच्यांचे कान वाचतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि शेजारच्या इमारतीत बारावीची मुले आहेत.

यंदा आभाराची यादी पुन्हा माझ्याकडे आहे. मावशींचे नाव सर्वांत वर लिहिले आहे.