कर्जरोख्यांची होळी आणि नगरचा शेतकरी

नगरचे नाव निघाले की आपल्या वाचकांस प्रथम आठवते ती चांदबीबी, आणि मागोमाग तो भुईकोट किल्ला. 1600 साली तो मोगलांनी घेतला, 1803 साली वेलस्लीने घेतला. हे सर्व आपण शाळेत शिकलो आहोत. परंतु पारनेर-श्रीगोंद्याच्या माळावरील कुणब्याच्या संसाराची जी उलथापालथ झाली, तिचा वृत्तान्त किल्ल्याच्या तटावर शोधून सापडावयाचा नाही. तो सावकाराच्या दप्तरात होता. आणि 1875 सालच्या उन्हाळ्यात त्या दप्तरांपैकी पुष्कळशी जळून खाक झाली. ही होळी का पेटली व तिने काय साधले, याचा विचार पुन्हा एकवार करणे अवश्य आहे असे आम्हांस वाटते. कारण संपन्नता व दारिद्र्य यांतील अंतर कसे पडते आणि कसे वाढत जाते, हे समजून घेण्यास याहून बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात क्वचितच मिळेल.

हकीकत थोडक्यात अशी. डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावी एका सावकाराने हुकूमनामा बजावून ऋणकोचे घर पाडविले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानी कोणी माल घेईना, त्यांचे शेत कोणी करीना. न्हावी-पाणक्यांनीही आपली कामे सोडली. पुढे 12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडीतील सुपे येथे जमाव उठला, आणि हे लोण लवकरच नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पोहोचले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून तीसाहून अधिक गावी दंगे झाले; लष्कर आणावे लागले; 951 लोकांस अटक झाली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, माणसांवर हात टाकण्याचे प्रकार फार थोडे घडले. जमाव सावकाराच्या दाराशी जाई, खते-रोखे मागे, ते हाती पडले की जाळून टाकी, आणि बहुधा तेवढ्यावर परत फिरे.

कागदावरच एवढा रोष का? सावकार पेशवाईतही होता. परंतु त्या काळी कर्जवसुलीस गावपंचायतीची मर्यादा असे, आणि कुणब्याची जमीन सहजासहजी विकली जात नसे. इंग्रजी अमलाने रयतवारी आणली. प्रत्येक खातेदार सरकारास स्वतंत्रपणे जबाबदार झाला. सारा रोख रकमेत व ठरल्या हप्त्यास भरावयाचा, मग पाऊस पडो वा न पडो. जमीन खातेदाराच्या नावे झाली व ती विकण्यास मोकळीक मिळाली. वरवर पाहता हा शेतकऱ्याचा लाभच. पण जी वस्तू विकता येते ती गहाण ठेवता येते, आणि जी गहाण ठेवता येते ती गमावताही येते. नव्या दिवाणी न्यायालयांनी सावकारांच्या हाती केवढे सामर्थ्य दिले, याचा इशारा खुद्द सर जॉर्ज विंगेट यांनी 1852 सालीच दिला होता.

त्यातच 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी माजली. तिकडचा कापूस बंद झाल्यामुळे इकडच्या कापसास सोन्याचा भाव आला, आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले; कर्ज मात्र कोसळत नसते. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. कर्ज पिढ्यान्‌पिढ्या लांबू नये हा त्यामागील हेतू उत्तम. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुदलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचे एक प्रकरण दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे आले. ज्यास अक्षर ठाऊक नाही त्याने रोख्याखाली ‘निशाणी नांगर’ करावयाची, काय लिहिले आहे ते सावकाराने सांगावयाचे, आणि दावा लागला की गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा व्हावयाचा, असा हा क्रम होता. कायद्याच्या दृष्टीने धनको व ऋणको समान होते. आमच्या मते अनर्थाचे मूळ या खोट्या समानतेत आहे. असमानांस समान लेखणारा न्याय बलवानाच्याच पदरात माप टाकतो.

आयोगास असे आढळून आले की, सुमारे एकतृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले असून त्यांचे कर्ज सरासरीने साऱ्याच्या अठरा पट होते. सर्व दोष सावकाराच्या माथी मारणे सोपे आहे, पण न्याय्य नव्हे. कोरडवाहू मुलखात तीन वर्षांत एक वर्ष बुडीत, अशा ठिकाणी पैसा लावणारा दुसरा कोणीच नव्हता. सरकारचा हप्ता अखेर त्याच्याच तिजोरीतून भरला जाई.

होळीचे फळ 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याच्या रूपाने आले. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांत तो लागू झाला. रोख्यामागील मूळ व्यवहार आरंभापासून तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला, आणि कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात घालणे बंद झाले. परंतु सावकार गहाणखताऐवजी थेट खरेदीखतच मागू लागला, आणि जमीन परत देण्याचे वचन तोंडी राहिले. कायद्याने जुना कागद तपासला. नव्या बियाण्यास पैसा कोठून आणावा, याचे उत्तर त्यात नव्हते.

ते उत्तर पुढे याच जिल्ह्याने शोधले. 1926 साली प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि कालव्यांच्या काठी ऊस उभा राहिला. सहकारी पतपेढीच्या अनुभवातून लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्याने, शेतकऱ्यांच्याच भांडवलावर प्रवरेचा साखर कारखाना उभारला. 1950 साली तो सुरू झाला. ज्यांच्या आजोबांनी निशाणी नांगर केली, त्यांचे नातू भागधारक झाले. महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासातील हे खरोखर सोनेरी पान होय.

तथापि त्या पानाची मागील बाजूही वाचली पाहिजे. पाणी अडले अकोल्याच्या डोंगरात; बागायत फुलली ती खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे. दक्षिणेकडील पाथर्डी-जामखेड कोरडेच राहिले, आणि तेथील माणसे हाती कोयता घेऊन उत्तरेच्या फडांत ऊस तोडण्यास जाऊ लागली. हंगामापूर्वी मुकादम नवरा-बायकोस मिळून ‘उचल’ देतो, आणि ती फिटेपर्यंत दोघांनी राबावयाचे. फिटली नाही, तर बाकी पुढील हंगामाच्या बोकांडी. ही उचल आणि तीन वर्षांनी फिरवलेला तो जुना रोखा, यांत नात्याची खूण कोणास दिसणार नाही? सावकाराची जागा बदलली; ऋणकोचीही बदलली; हिशेबाची वही मात्र अद्याप एकाच बाजूच्या हाती आहे.

आम्ही निराश नाही. ज्या नगर तालुक्यात 1875 साली रोखे जळाले, त्याच तालुक्यातील हिवरे बाजार या गावी आज दरवर्षी ग्रामसभा पावसाचे माप घेऊन गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडते, आणि कोणती पिके घ्यावयाची ते त्यावरून ठरते. पाणी थोडे आहे, पण ते किती आहे हे तेथील प्रत्येकास ठाऊक आहे. 1875 च्या कुणब्याने वही जाळली, कारण ती त्यास वाचता येत नव्हती व वाचून दाखविणारा त्याचा नव्हता. ऊसतोडणीच्या फडावर उचलीचा हिशेबही ज्या दिवशी असाच चारचौघांत, तोडणाऱ्यांच्या समक्ष मांडला जाईल, त्या दिवशी सुप्याच्या बाजारात सुरू झालेले ते प्रकरण निकालात निघाले, असे म्हणावयास आम्ही तयार आहो.