लहान संस्थेची मोठी स्पर्धा

संस्था लहान म्हणून तिचे कार्यही लहानच राहते काय? अमेरिकेच्या हवाई बेटांवर, होनोलुलू शहरात शॅमिनाड ही छोटी शिक्षणसंस्था आहे. २३ डिसेंबर १९८२ रोजी तिच्या बास्केटबॉल संघाने देशात अव्वल गणल्या गेलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाला ७७-७२ असे हरविले. सात फूट चार इंच उंचीचा राल्फ सॅम्पसन व्हर्जिनियाकडून खेळत होता!

या विजयातूनच १९८४ मध्ये माउई बेटावर हंगामारंभीची स्पर्धा सुरू झाली. बलाढ्य विद्यापीठांचे संघ तेथे येऊ लागले. २०२३ च्या वणव्यात तेथील लाहैना गावाचा मोठा भाग जळाला. त्या वर्षीचे सामने होनोलुलूत झाले. २०२४ मध्ये स्पर्धा लाहैनास परतली.

पालकहो, एका दिवसाचा विजय लवकर विस्मरणात जातो. शॅमिनाडने त्यातून परंपरा उभी केली, हे मुलांना अवश्य सांगा.